मान हलवल्याची नोंद

३ जून

दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून घ्यायचं आणि घरी येऊन पुन्हा वही उघडायची, म्हणजे धोब्याने सुट्टीच्या दिवशी हौसेने कपडे धुवायला बसण्यासारखं आहे. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज सांगितलं की बाबांच्या उजव्या डोळ्याची नजर परत येणार नाही, आणि डाव्याची जाईल तितकी सावकाश जाईल. हे कोणालातरी सांगायचं होतं. घरी कोणी नसतं. म्हणून वही.

मी सभागृहात प्रतिवेदक आहे. अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायाशी आमचं टेबल असतं. तिथे बसून जे बोललं जाईल ते लघुलिपीत उतरवायचं. पाच मिनिटांची पाळी. मग दुसरी येऊन शेजारी बसते, पहिली उठते आणि आतल्या खोलीत जाऊन आपली पाच मिनिटं टाइप करते. एकवीस वर्षं मी अशी पाच-पाच मिनिटांत जगते आहे. त्यामुळे कुठल्याच भांडणाचा शेवट मला माहीत नसतो.

बाबांनी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर मुलांसाठी पुस्तक लिहायला घेतलं. जुन्या ग्रीकांच्या देवांचा कारभार आणि आजची लोकशाही, दोन्ही शेजारी ठेवून. अर्धं झालं आणि डोळे जायला लागले. आता आठवड्यातून तीन संध्याकाळी मी जाऊन लिहून घ्यायचं ठरलं.

"हात तुझा, डोकं माझं," ते म्हणाले. "म्हणजे नेहमीसारखंच."

९ जून

बाबांच्या दोन खोल्या नदीकाठच्या वसाहतीत तळमजल्यावर आहेत. भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीवर एक फिकट रेघ आहे, पंधरा वर्षांपूर्वी पाणी शिरलं होतं त्याची. तिच्यावर तीनदा रंग दिला. ती पुन्हा वर येते.

शेजारच्या शिवणवाल्या मावशी दारात मशीन मांडून बसतात. त्यामुळे बाबा जे सांगतात ते मी आणि मावशी दोघी ऐकतो, आणि मत मात्र त्या एकट्या देतात. आज देवांच्या खातेवाटपाचं प्रकरण झालं. तिघा भावांनी बापाला गादीवरून खाली ओढलं आणि चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश मिळालं, पोसायडनला समुद्र, हेडीजला पाताळ. बाबा म्हणाले, फरक इतकाच की देवांना निवडणुकीत कोणी पाडू शकत नव्हतं.

मावशींनी दोरा तोडला. "आमचे तरी कुठे पडतात, मास्तर? नुसती खुर्ची बदलतात. काल रस्ते, आज पाणी."

बाबा आधी रागावले. मग मला म्हणाले, हे वाक्य घे, चांगलं आहे. नाव नको घालू. मावशी म्हणाल्या, नाव घालणार नसाल तर तुमचा उसवलेला खिसा तसाच राहील. खिसा तसाच आहे.

१६ जून

आजचं प्रकरण बाबांचं सगळ्यात लाडकं. झ्यूस तोंडाने काय वाटेल ते बोले, थापाही मारी. पण एकदा मान हलवून दिलेला शब्द त्यालाही फिरवता येत नसे. तो मान हलवी तेव्हा डोंगर थरथरत. आणि पाताळातल्या स्टिक्स नदीची शपथ मोडणारा देव एक वर्ष श्वासाविना पडून राही, आणि पुढे नऊ वर्षं त्याला देवांच्या सभेत बंदी.

"बघ, निलंबन," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "पण ही नऊ वर्षं मोजत कोण असेल? कोणीतरी लिहून ठेवत असणार. तुझ्यासारखी."

बाबांचं सगळं पुस्तक त्या एका गोष्टीवर उभं आहे. तिथे प्रार्थना करायची, इथे प्रश्न विचारायचा. तिथे देवाच्या मर्जीवर होतं, इथे सगळ्यात मोठ्या माणसालाही उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते लिहिलं जातं.

निघताना मी पुन्हा विषय काढला. वरचं धरण यंदा आत्ताच भरत आलंय. माझ्याकडे दुसरी खोली आहे, पावसाळ्यापुरते तरी चला. ते म्हणाले, दरवाजे उघडायच्या आधी सांगतील की. कोण सांगेल? सांगतील, सरकार आहे.

खरं लिहायचं तर ते नको म्हणाले तेव्हा मला थोडं बरंही वाटलं. त्या दुसऱ्या खोलीत माझा एकांत असतो. हे पान फाडून टाकावं का? राहू दे.

१७ जून

माझी पाळी बारा वीस ते बारा पंचवीस.

नदीकाठच्या मतदारसंघातल्या सदस्य बाईंनी धरणाचा प्रश्न लावून धरला होता. शेवटी त्या म्हणाल्या, पाणी सोडण्याच्या पूर्ण एक दिवस आधी खालच्या वस्तीला सूचना मिळेल, असं मंत्रिमहोदय या सभागृहाला सांगतील का? हो की नाही, तेवढंच सांगा.

पाणीखात्याचे मंत्री अर्धे उठले. उजवीकडे, अधिकारी बसतात त्या कठड्याकडे त्यांनी पाहिलं. तिथे त्यांचे सचिव हातात एक कागद उंच धरून उभे होते. मंत्र्यांनी मान हलवली. एकदाच, खाली, सावकाश. मग गलका झाला आणि अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

मान ही नोंद नसते. आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, जिला आम्ही स्वल्पविराम म्हणतो कारण ती दर दोन शब्दांनी दम घेते, तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : इथे तोंडातून निघेल, तेवढंच खरं. हसू, रडू, मान, आपल्यासाठी नाही.

आत येऊन टाइप करायला बसले. प्रश्न टाइप झाला. खाली लिहिलं, "मंत्री : होय." आणि पुढच्या ओळीवर गेले.

हात अडखळला नाही, हे आत्ता घरी आल्यावर जाणवतंय.

१८ जून

बाबांना फोन केला. म्हटलं, काल तुमचा झ्यूस बघितला. नुसती मान हलवली आणि मी "होय" लिहून टाकलं. ते खूप वेळ हसले, आई गेल्यापासून इतके हसले नव्हते. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "म्हणजे नोंद झाली?"

मी सांगितलं की कच्ची प्रत रिवाजाप्रमाणे मंत्र्यांच्या कार्यालयात गेली आहे. त्यांनी वाचायची, चूक असेल तर दुरुस्त करून पाठवायची. तीन दिवसांत काही आलं नाही तर पक्की.

उद्या जाऊन प्रत परत मागावी, असं दोनदा मनात आलं.

२२ जून

फाइल परत आली. तिला मी हिरवं रबर लावलं होतं, दोन वेढे आणि वर कागदाची पट्टी. पट्टी जशीच्या तशी होती. कोणी उघडलीच नाही. मुदत संपली, शिक्का बसला, पान छापायला गेलं.

भीती वाटायला हवी होती. मी चहा घेतला आणि बऱ्याच दिवसांनी स्वल्पविरामशी गप्पा मारल्या.

काल बाबांकडे गेले तेव्हा माझ्याकडे राहायला चला, असं म्हणाले नाही. गरज वाटली नाही.

२९ जून

वसाहतीच्या नळाशेजारी एक फळा आहे. पाणी किती वाजता येणार, कोणाचं काय हरवलं, ते त्यावर असतं. आज त्यावर छापील पान डकवलेलं दिसलं, माझं. खाली मावशींच्या मोठ्या अक्षरात, खडूने : एक दिवस आधी सूचना मिळेल. मंत्री सभागृहात स्वतः म्हणाले.

मजकूर बाबांनी सांगितलेला. माझी नजर एकाच शब्दावर अडली : म्हणाले.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. नळावरच्या बाईने विचारलं, ही तुम्हीच लिहिली ना नोंद? मास्तर सांगत होते. तिने मला हंडा सरकवून वाट करून दिली. एकवीस वर्षांत माझ्या कामासाठी कोणी वाट करून दिलेली आठवत नाही.

आत गेले तेव्हा ते शब्द पुसायला सांगायचे होते. पण बाबा वाट बघत होते, वाक्य तयार होतं. म्हणून आधी ते लिहून घेतलं.

६ जुलै

डोंगरात तीन दिवस पाऊस आहे. इथे नुसतं ढगाळ.

संध्याकाळी मावशींचा फोन. त्यांनी मशीन बहिणीकडे हलवायला हातगाडा आणला होता. शाळेच्या चाळीस गणवेशांचं काम अंगावर आहे, कापड भिजलं तर संपलं. बाबांनी गाडा परत पाठवायला लावला. एक दिवस मिळणार आहे, एका दिवसात चाळीस काय, दोनशे गणवेश हलतील, असं म्हणाले. मावशींनाही घरातून हलायचं नव्हतंच फारसं, बहिणीशी पटत नाही.

"सरकारवर माझा काडीचा भरवसा नाही गं," मावशी म्हणाल्या. "पण तुझ्या अक्षरावर आहे."

मी म्हणाले, तरी सांभाळून राहा. यापेक्षा जास्त काही म्हणाले नाही. इतकं नीट आठवतंय, कारण फोन ठेवल्यावर मी इस्त्री करायला घेतली आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते.

८ जुलै

सकाळी अकराला दरवाजे उघडले. सूचना नाही.

बाबा सापडले. मावशी नाहीत.

१३ जुलै

काय झालं ते लिहून ठेवते.

पाणी भरदिवसा आलं. आधी गटारांतून उलटं वर, मग नदीकडून. बाबांना जिन्यावर कोणीतरी ओढून घेतलं. त्यांना पाणी दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. शेजारून मावशींची हाक ऐकू येत होती. मास्तर, जरा हात लावा, मशीन टेबलावर चढवायची आहे. मग टेबल सरकल्याचा आवाज. मग नाही.

वसाहतीतली अकरा माणसं गेली. मावशी दुसऱ्या दिवशी मशीनखाली मिळाल्या. गळ्यात मोजायची टेप होती.

बाबा माझ्या दुसऱ्या खोलीत आहेत. भिंतीकडे तोंड करून बसतात. पुस्तकाचे कागद मी इकडे आणून ठेवले होते म्हणून कोरडे राहिले. त्यांना हे सांगितलं. त्यांनी कागद हातात मागितले नाहीत.

२० जुलै

सभागृहात मंत्री बोलले. निसर्गाचा कोप म्हणाले. तेव्हा माझी पाळी होती. सगळं लिहून घेतलं, एकही शब्द गाळला नाही.

मग नदीकाठच्या सदस्य बाई उठल्या आणि माझं पान उंच धरून विचारलं, तुम्ही सतरा जूनला "होय" म्हणालात, त्याचं काय? मंत्री म्हणाले, मी असं काहीही म्हणालो नाही.

दुपारी साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य प्रतिवेदकांनी, बोलावलं. ध्वनिफीत तीनदा ऐकली, म्हणाले. "होय" नाही. कॅमेरा त्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या बाईंवर होता. "टाइप करताना चूक झाली म्हणा. मागचा शब्द पुढे आला. अशी चूक कोणाचीही होते. वर्षभर ग्रंथालयात बसाल, मग परत याल." त्यांचा आवाज मऊ होता. ते वाईट माणूस नाहीत, तीन वर्षांनी निवृत्त व्हायचे आहेत.

२३ जुलै

सदस्य बाई घरी आल्या. बुटांना अजून वसाहतीचा चिखल होता. अकरा घरांत जाऊन आल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, नोंदीच्या चौकशीला समिती नेमली आहे, तिच्यापुढे मी "ऐकलं" म्हणायला हवं. गलक्यात फितीवर आलं नसेल, पण टेबलाशी ऐकू आलं. "एकच शब्द आहे. तो तुम्ही आधीच लिहिलेला आहे. तुम्ही मागे हटलात तर त्या अकरा जणांना कोणी वचन दिलंच नव्हतं असं होईल."

त्या गेल्यावर बाबांनी आतून विचारलं, कोण आलं होतं. मी म्हणाले, ऑफिसमधल्या.

एकाला मी चुकले असं हवंय, एकीला मी ऐकलं असं हवंय. दोन्ही खोटं आहे. जे झालं ते कोणालाच उपयोगी नाही. आदल्या संध्याकाळचा दुसऱ्या खोलीचा विचार मनात होता म्हणून तर टाइप करताना हात अडखळला नाही? की बाबांचा झ्यूस डोक्यात होता? दोन्ही मिळून एक "होय" झालं असेल. आणि तो कागद. सचिव कागद दाखवत होते. त्यात काय होतं? मान प्रश्नाला होती की त्या कागदाला?

२७ जुलै

समितीची खोली लांबट आहे. सात जण एका बाजूला, त्यातले चार मंत्र्यांच्या पक्षाचे, आणि समोर एकटी खुर्ची. कोपऱ्यात स्वल्पविराम लिहून घ्यायला. मी बोलायला लागले तेव्हा तिने एकदा वर पाहिलं, मग पाहिलं नाही.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही मंत्र्यांच्या तोंडून "होय" हा शब्द ऐकला का?

"नाही. मी त्यांना मान हलवताना पाहिलं."

पाहिलेलं लिहायचा नियम आहे का?

"नाही."

मग लिहिलं का?

मी म्हणाले, मला वाटलं, मान म्हणजे शब्दच. कोणीतरी हसलं. मला सचिवांचा कागदही सांगायचा होता, पण त्याबद्दल कोणी विचारलं नाही. मंत्र्यांनी मान हलवली होती का, हेही कोणी विचारलं नाही. साडेसात मिनिटं लागली. माझ्या दीड पाळ्या.

बाहेर बाकावर सदस्य बाई होत्या. चपलेत पाय घालून निघून गेल्या. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

३१ जुलै

निकाल. तो शब्द कामकाजातून काढून टाकायचा. आश्वासन अस्तित्वात नसल्याने त्याचा भंग झालेला नाही. माझी बदली ग्रंथालयात, वर्षभरासाठी नाही, कायमची.

सुधारलेलं पान मलाच टाइप करायला लावलं, शेवटचं काम म्हणून. प्रश्न आहे तसा राहतो. पूर्ण एक दिवस आधी सूचना मिळेल, असं मंत्रिमहोदय या सभागृहाला सांगतील का? त्याखाली, काढलेल्या शब्दाच्या जागी, तीन फुल्या. मग पुढचा प्रश्न, एका पुलाच्या रंगाबद्दल.

मंत्र्यांकडे आता दुसरं खातं आहे. आज रस्ते.

२ ऑगस्ट

आज बाबांना सगळं सांगितलं. समिती, फुल्या, ग्रंथालय. शेवटी जे सांगायचं होतं ते सांगितलं : ते वचन कोणी दिलंच नव्हतं, बाबा. ते माझ्या हातचं होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि मावशींनी तुमच्यावर.

ते पलंगाच्या कडेला बसले होते. खाली कोणीतरी सायकलीत हवा भरत होतं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तूच फोनवर सांगितलंस. नुसती मान हलवली म्हणून. फळ्यावर 'म्हणाले' हे मी घातलं. चांगलं दिसतं म्हणून. लोकांना धीर येतो म्हणून."

मी खिडकी लावून घेतली.

"गाडा परत पाठवायच्या आधी तिने मला विचारलं होतं. मास्तर, नक्की म्हणाले ना ते? तोंडाने?" बाबांचा हात पांघरुणाची शिवण चाचपत होता. "मी मान हलवली."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचा सदरा तोच होता, खिसा तसाच उसवलेला. मी सुईदोरा आणायला उठले, तर त्यांनी मनगट धरलं. नको, म्हणाले. राहू दे.

मग विचारलं, कागद कुठे आहेत.

मला वाटलं, ते झ्यूसचं प्रकरण फाडायला सांगतील. तेही सांगितलंच, पण नंतर. आधी खातेवाटपाचं पान काढायला लावलं. मावशींचं ते वाक्य वाचून दाखवायला लावलं. काल रस्ते, आज पाणी. म्हणाले, त्याखाली तिचं नाव घाल. पूर्ण.

मला त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. माझ्यासाठी त्या नेहमी मावशी होत्या. बाबांनी सांगितलं, तिचं, तिच्या वडिलांचं, आडनाव. मी लघुलिपीत घेतलं नाही. एकेक अक्षर सुटं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. विचारलं, बरोबर आहे?

त्यांनी मान हलवली नाही. भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाले, "होय."